सोळा नंबरची खूण

वायराकोटा, बुधवार, ३ जुलै

ताई,

पत्र लिहायला बसलो की मला हटकून दुसरं काहीतरी सुचतं, हे तुला नव्याने सांगायला नको. मागच्या आठवड्यात कागद आणला, तर त्यावर इंजिनियर बाईंनी नकाशाची आकडेमोड केली. परवा पेन हातात घेतलं, तर बाजारात एक माणूस पोपटाकडून चिठ्ठ्या काढून भविष्य सांगत होता, दुपार तिथेच गेली. माझ्या चिठ्ठीत निघालं, 'घरापासून लांब जाऊ नकोस.' पोपटाला तीन वर्षं उशीर झाला. पण पोपट काय न् आकडेमोड काय, सगळी निमित्तं. तीन वर्षांत एक ओळ पाठवली नाही, आता पहिलं वाक्य कुठून आणायचं? म्हणून हेच लिहितो, की मी टाळत होतो.

मी जिवंत आहे. थोडा जाडही झालोय.

हे स्पॅनिशमध्ये लिहितोय म्हणून रागावू नकोस. आपली केचुआ बोलायला मला कुणाची मदत लागत नाही, पण लिहायला ती कुणी शिकवलीच नाही. शाळेत सर सांगायचे, ती बाहेर चपलांजवळ ठेवून या. तू बोट ठेवून वाचतेस ना, तेव्हा एकेक शब्द मनात आपल्या भाषेत कर. तुझ्या आवाजात ते माझ्यापेक्षा बरंच लागेल.

हुलियाकाला मोबाईलची कव्हरं विकली. ईलोच्या बंदरात मासळीच्या पेट्या उचलल्या. सोन्याच्या खाणीत अकरा दिवस काढले, बाराव्या दिवशी पळालो. मग ट्रकवर क्लीनर झालो. मालक पलीकडच्या मुलखातला, आयमारा बोलणारा. त्याच्या शिव्यांपासून सुरुवात करून सहा महिन्यांत बाकीची भाषाही आली, आणि तिच्यामुळेच ही नोकरी लागली. दोन प्रांतांमधली सरहद्द कायम करायची आहे. अलीकडची गावं केचुआवाली, पलीकडची आयमारावाली, आणि कागद सगळे स्पॅनिशमध्ये. इंजिनियर यानेत बाई समुद्रकाठच्या, राजधानीतल्या. त्यांना दोन्ही भाषांतलं 'पाणी'सुद्धा कळत नाही. मी मुलाखतीत म्हटलं, मला तिन्ही येतात, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या येतात, पण तीन अर्धे मिळून दीड होतात. त्या हसल्या आणि मला घेतलं.

तर मी तुझ्यापासून ट्रकने दोन तासांवर आहे. मे महिन्यापासून. हे आधी सांगायला हवं होतं.

एक सहज विचारायचं होतं. तुझ्या घरावरच्या टेकाडावर, खिंडीच्या अलीकडे, दगडांचा एक ढीग आहे. तो कधीपासून आहे गं?

तुझा भाऊ,
विदाल


रविवार, ७ जुलै

ताई,

आधीचं पत्र इथेच आहे. तुझ्या बाजूला जाणारा ट्रकवाला हिलारियो ठरल्यापेक्षा आधी निघाला. म्हणजे मी पोचलो तेव्हा तो निघाला होता. दोन्ही एकदम देईन.

त्या ढिगाबद्दल मी उगीच सहज विचारल्यासारखं केलं. सहज नव्हतं ते.

गेल्या महिन्यात, २५ तारखेला, आम्ही सगळे तिथे होतो. तुझ्या घराच्या वर. पंधराव्या खुणेपासून, म्हणजे त्या काळ्या कड्यापासून, सरहद्द कुठे जाते ते ठरवायचं होतं. साठ वर्षांपूर्वीचा सरकारी कागद एवढंच म्हणतो, 'तिथून खिंडीजवळच्या दगडांच्या खुणेकडे.' आपल्या पुकारुमीचा नवा अध्यक्ष आउरेलियो तिघांना घेऊन आला होता. तोच, वाण्याचा आउरेलियो. सरहद्दीवरून कधी चाललेला नाही, बूट तेवढे नवे. पलीकडच्या हान्को उमाहून सातुर्निनो चांबिया काका आले होते, पाचजणांसह. काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझी आयमारा ऐकून म्हणाले, "ही भाषा तू ट्रकच्या मागच्या फळीवर बसून शिकलास वाटतं. धक्के ऐकू येतात."

खिंडीत खूण नव्हतीच. चार वर्षांपूर्वी रस्ता रुंद केला तेव्हा मशीनने ती कुठे ढकलली कोण जाणे. वारा असा की टोप्या धरून शोधावं लागत होतं. मग कुणीतरी खाली बोट दाखवलं. टेकाडावर ढीग. छातीइतका, नीट रचलेला.

सगळे तिकडे चालत गेलो. पुढे काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, तरी मला नीट मांडता येत नाही. चांबिया काका सगळ्यांत आधी पोचले. त्यांनी टोपी काढली. खाली वाकून एक दगड उचलला, ढिगावर ठेवला. कोकाची तीन पानं फुंकली. बाटलीतली दारू चार दिशांना शिंपडली. ते पाहून त्यांच्या पाचही जणांनी टोप्या काढल्या. ते पाहून आउरेलियोने काढली. मग आपल्या तिघांनी. मग मीही. आपल्याकडे दगडांचा ढीग दिसला की आधी टोपी निघते, तोंड नंतर उघडतं. आणि एकदा दारू शिंपडली की मग कोण विचारणार, हे दगड कुणाचे?

इंजिनियर बाई म्हणाल्या, "विदाल, विचार त्यांना. हीच का ती खूण?"

मी आउरेलियोला विचारलं. तो म्हणाला, "चांबिया काका टोपी काढतायत म्हणजे असणारच. त्यांना नाही माहीत तर कुणाला?"

मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "दगडांना नाव-गाव विचारून टोपी काढतात का रे?"

"काय म्हणतायत?" बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "बाई, दोघांनी टोप्या काढल्यात."

"म्हणजे कबूल आहे?"

मी म्हटलं, "तसंच दिसतंय."

बाईंनी यंत्र ढिगाजवळ ठेवलं, आकडे घेतले, वरच्या दगडावर पांढऱ्या रंगाने १६ काढलं. वहीत लिहिलं, दोन्ही बाजूंना मंजूर. झालं.

आता तू म्हणशील, बरं मग? सरहद्द खिंडीत असायच्या ऐवजी टेकाडावर आली, म्हणजे टेकाड आणि खिंडीच्या मधलं सगळं पलीकडच्या प्रांतात गेलं. मध्ये काय आहे ते तुला सांगायला नको. तुझं ओलं कुरण. उन्हाळ्या-हिवाळ्यात न आटणारं तेवढं एकच. तुझी चूल आपल्या प्रांतात राहणार आणि तुझ्या साठ अल्पाका रोज सकाळी शेजारच्या प्रांतात चरायला जाणार. मी हे आउरेलियोला हसत सांगितलं, तोही हसला. मग नंतर कळलं की त्या जाणारच नाहीत. कुरण कुणी वापरायचं ते हान्को उमाची सभा ठरवणार, आणि सभेत तुझं नाव कुठून असणार?

सह्या शनिवारी, २० तारखेला. सह्या झाल्या की कागद राजधानीला जातो, आणि तिथून कागद परत आल्याचं इथे कुणाच्या आठवणीत नाही.

तुला मोजणीची नोटीस मिळाली असेलच. तू का आली नाहीस?

विदाल


मंगळवार, ९ जुलै

ताई,

माझ्या डोक्यात गोंधळ झालाय, तो कागदावर काढला तर कमी होईल असं वाटलं.

त्या ढिगावर मीही काही दगड ठेवले असतील. तीन वर्षांपूर्वी, गेलो त्या दिवशी. चार-पाच. फार तर दहा.

पण मग असं होतं. मला आठवतो तो ढीग गुडघ्याइतका होता. आता आहे तो छातीइतका. माझी छाती म्हणतोय मी, आउरेलियोची नाही. मग हा तोच का? की त्याच टेकाडावर दोन ढीग होते आणि माझा पडला? की मी ठेवले ते आधीच्या जुन्या खुणेवर ठेवले, आणि जुनी खूण खरीच होती? तसं असेल तर सगळं बरोबरच झालंय, कुणाचीच चूक नाही, आणि मी उगीच झोप घालवतोय. पण त्या दिवशी तिथे आधी काही होतं का? मला वाटतं नव्हतं. मला वाटतं मी सपाट जागा बघून बसलो होतो. पण मला काय काय वाटतं याचा काही भरवसा आहे का? परवा मला वाटलं की आज सोमवार आहे.

आता त्या पायवाटेने कुणी जात नाही. रस्ता झाल्यापासून सगळे ट्रकने वरूनच जातात. वाटसरूच नाहीत तर दगड वाढवले कुणी?

मी जिथे जेवतो त्या ओर्तेन्सिया मावशींना विचारलं, "मावशी, दगडांचा ढीग आपोआप मोठा होतो का?"

त्या चुनोचे वाळके बटाटे सोलत होत्या. म्हणाल्या, "दगड काय पिठाचे असतात फुगायला?"

"मग गुडघ्याचा छातीइतका कसा होईल?"

"तूच बुटका झाला असशील. बटाटा घे अजून."

एक उपाय आहे म्हणा. जुने लोक खरी खूण उभारताना तळाशी कोळसा आणि फुटक्या मडक्याची खापरी पुरायचे, साक्ष म्हणून. आई सांगायची, आठवतंय? ढीग उचकटला की कळेल, खाली कोळसा आहे की नुसती माती. पण दारू शिंपडलेले दगड कोण उचकटणार? मी आउरेलियोला नुसतं सुचवलं, तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी त्याच्या आजीची कबर खणायला सांगतोय.

हिलारियो आज येणार होता. मी थांबलोच नाही. बाजारात एकजण सायकलवरून दोरीवर...

जाऊ दे. मी थांबलो नाही. मला ही पत्रं द्यायची नव्हती.

वि.


रविवार, १४ जुलै

ताई,

चार-पाच नाही, दहाही नाही.

सगळे मीच ठेवले. तिथे काही नव्हतं. वाळलेलं गवत आणि एक फुटकी बाटली होती.

तुझा तो पांढरा नर अल्पाका मी राखायला हवा होता, आणि मी खाली रस्त्यावर बंद पडलेल्या मोटरसायकलीचं इंजिन उघडताना बघत बसलो. तिघेजण होते, एकालाही काही येत नव्हतं, मला वाटलं मला येईल. मी परत आलो तोवर तो ओघळीतल्या बर्फात मान मोडून पडला होता. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू त्याच्या लोकरीवरचा बर्फ हाताने झाडलास आणि म्हणालीस, "विदाल, तुझ्या भरवशावर मी एक दगडसुद्धा मागे सोडून जाणार नाही."

मी निघालो. पण सरळ खिंडीत गेलो नाही. टेकाडावर बसलो. तिथून आपलं धुराडं दिसतं. म्हटलं, एक दगड ठेवतो, तोवर ती येईल. आली नाहीस. म्हटलं, लांबून येते आहे, दुसरा ठेवतो. मग एखादा मोठा, तो उचलून आणायला वेळ लागेल, तेवढ्यात येशील. मग आजूबाजूचे दगड संपले तेव्हा मी खाली उतरून आणायला लागलो. तू दोनदा बाहेर आलीस. एकदा घोंगडी झटकलीस. एकदा जनावरं मोजलीस, मला तिथून तुझा हात वर-खाली होताना दिसत होता. वर पाहिलं नाहीस. सूर्य खिंडीवर आला तोवर ढीग गुडघ्याइतका झाला. वरून ट्रकचा भोंगा आला आणि मी पळत गेलो.

मला वाटायचं हे मी विसरलोय. त्या दिवशी चांबिया काकांच्या मागोमाग टोपी काढताना आठवलं. बाईंनी विचारलं तेव्हा आठवलेलंच होतं. तेव्हाच बोलायचं होतं. दहा माणसं टोप्या काढून उभी, आणि मी म्हणायचं, हे काय करताय, हे माझे रुसव्याचे दगड आहेत? हसले असते सगळे. मी तेवढ्या हसण्याला भ्यालो आणि तुझं कुरण देऊन टाकलं.

आणि नोटीस. तुला नोटीस मिळाली नाही. ज्यांची जमीन सरहद्दीला लागून आहे त्यांना ती हातात द्यायचं काम माझं होतं. तुझ्या अंगणाच्या भिंतीपर्यंत मी आलो होतो. कुत्रा नवा आहे ना? मला ओळखलं नाही. तू आत कुणाशी तरी बोलत होतीस, की रेडिओ होता. मी परत फिरलो आणि वहीत तुझ्या नावापुढे 'पोचली' लिहिलं. ती नोटीस आत्ता माझ्या जाकिटाच्या खिशात आहे, घडीवर काळी पडलीये.

तू आली असतीस तर एका वाक्यात सगळं मिटलं असतं.

फक्त गुडघ्याचा छातीइतका कसा झाला, ते मला अजून कळत नाही. आउरेलियोच्या बाजूने विचार केला तर तीच एक गोष्ट माझ्याविरुद्ध जाते.

विदाल


मंगळवार, १६ जुलै

ताई,

सांगितलं. काल सकाळी, बाई दात घासत होत्या तेव्हा. जरा थांबून सांगायला हवं होतं, पण थांबलो की मी जातो कुठेतरी.

त्यांनी तोंड धुतलं, पाटावर बसल्या. "पुन्हा सांग."

पुन्हा सांगितलं. नोटिशीचंही.

"विदाल, तुला कळतंय का? नोटिशीचं हे मला वर कळवावं लागेल. नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे बाई. खूण बदला."

"कशाच्या जोरावर? तू तिचा भाऊ. कुरण तुझ्या बहिणीचं. तुझ्या शब्दावर मी रेघ हलवली, तर उद्या प्रत्येक खुणेवर एकेक भाऊ उगवेल." मग जरा नरमल्या. "मला ज्याचं नुकसान होतंय त्याचा शब्द लागेल. हान्को उमाच्या एका माणसाने शनिवारच्या आत माझ्यासमोर म्हणायला हवं, की ही सरहद्द नव्हे. मग मी सोळा नंबर पुसते."

"ज्याला कुरण मिळतंय तो कशाला म्हणेल?"

"तेच तर म्हणतेय मी," बाई म्हणाल्या. हे त्यांनी कडू तोंडाने म्हटलं, मला बरं वाटलं.

मग आउरेलियोला फोन केला. तो दुकानात गिऱ्हाईक असल्यासारखा बोलतो. "छातीइतका ढीग? तू? एका दिवसात? विदाल, तुला मी ओळखतो. तुझ्याच्याने एका दिवसात चहासुद्धा पूर्ण होत नाही. आणि गावाने दारू शिंपडलीये. आता तू म्हणतोस की गावाने एका पोराच्या फुरंगटण्यापुढे टोप्या काढल्या? मी सभेत हे सांगू?"

म्हणून लगेच मीच हान्को उमाला गेलो. चालत, कारण ट्रक नव्हता. वाटेत एक कोल्हा दिसला, पण मी त्याच्या मागे गेलो नाही, हे मुद्दाम लिहितो. चांबिया काकांचं घर विचारत पोचलो. काका जनावरांमागे गेलेले. काकूंनी विचारलं, "काय काम आहे?" आणि मला तिन्ही भाषांतलं एक वाक्य जुळवता येईना. काय म्हणू? तुम्हाला मिळालेलं परत द्या? मी म्हटलं, "असंच. इकडून चाललो होतो." तिकडून कुणीच चाललेला नसतो, पुढे फक्त बर्फ आहे. काकूंनी सूप वाढलं. ते संपलं, तर आणखी वाढलं. मी दोन वाट्या सूप प्यालो, 'देव भलं करो' म्हटलं, आणि परत आलो. येताना सात तास लागले.

एवढंच करता आलं मला. दोन वाट्या सूप.

विदाल


शुक्रवार, १९ जुलै

ताई,

उद्या सह्या. कचेरीचं आवार झाडून घेतलंय, झेंड्याची दोरी बदललीये, दोन्ही प्रांतांचे साहेब येणार म्हणून ओर्तेन्सिया मावशी तीन मेंढ्यांचं मटण शिजवतायत. मला बाईंनी उद्या दुभाषा म्हणून उभं राहायला सांगितलंय, कारण दुसरा नाही. माझी नोकरी गेली आहे आणि उद्या मीच दोन्ही बाजूंना वाचून दाखवायचंय की तुझं कुरण गेलं. परवा मी पिशवी भरली होती. मग रिकामी केली. मग पुन्हा भरली. आत्ता ती अर्धी भरलेली आहे.

हे शेवटचं पत्र, मग सगळी एकत्र बांधून

थांब. मावशी हाक मारतायत. म्हणतात, कुणी भेटायला आलंय, आणि तो उंबऱ्याबाहेरच उभा आहे, आत येत नाही.

ताई, चांबिया काका आलेत.

चालत आलेत. पायातले टायरचे जोडे पांढरे झालेत धुळीने. आता आत बसलेत, मावशींनी सूप दिलंय, ते पितायत. तेवढ्या वेळात तुला लिहितो, नाहीतर मी हे पुन्हा दुसऱ्या कशात तरी घालवून बसेन.

मी बाहेर गेलो तर म्हणाले, "बायको म्हणाली, पुकारुमीचा एक पोरगा आला, दोन वाट्या सूप प्याला आणि काही न बोलता गेला. चाळीस वर्षं तिच्या हाताचं सूप पितोय मी. गप्प बसून पिण्यासारखं ते नाही. म्हटलं, त्या पोराला काहीतरी विचारायचं असणार. आणि मलाही विचारायचं होतं."

मी त्यांना बसायला पाट दिला, ते उभेच राहिले.

"ती बाई," ते म्हणाले. "टेकाडाखाली राहते ती. तुमच्या गावची ना?"

"हो."

"मी वरच्या धारेवर जनावरं चारतो, तिथून टेकाड दिसतं. तीन वर्षं बघतोय. दर रविवारी ती वर येते. पाठीवरच्या शालीत एक दगड बांधून आणते, खालून, घराजवळून. ठेवते. जरा वेळ खिंडीकडे बघत उभी राहते, आणि जाते. पाऊस असो, बर्फ असो. पहिल्यांदा मला वाटलं वेडी आहे. मग बायको म्हणाली, अहो, तिचं कुणीतरी गेलं असेल. तेव्हापासून मी तिथून जाताना टोपी काढतो."

मी दाराची चौकट धरून उभा होतो.

"म्हणून त्या दिवशी काढली," काका म्हणाले. "तुमची ती इंजिनियर बाई डबा घेऊन रंग लावायला लागली, तर मला वाटलं, वा, सरकारसुद्धा मान देतंय. मग आमच्या अध्यक्षाने गावात कागद वाचून दाखवला. कुरण आमचं म्हणे. पोरं नाचली. मी खोटं बोलणार नाही, कुरण चांगलं आहे, मलाही दोन रात्री त्याची स्वप्नं पडली. पण तिच्या माणसाच्या दगडांवरून रेघ ओढून आम्ही जनावरं चारायची? मोजणीनंतरच्या रविवारी ती आली. पांढरा आकडा बघून थबकली. वर नाही ठेवला दगड, बाजूला, खाली ठेवला, परक्याच्या दारात ठेवावा तसा. मला काही ते बरं वाटलं नाही."

मग म्हणाले, "उद्या मी तुझ्या बाईंपुढे बोलणार आहे. आमची पोरं चिडतील, चिडू देत. पण उभा राहून सांगायचं तर नाव लागेल. ते दगड कुणाचे? कोण मेलंय तिचं?"

ताई, मला तीन भाषा येतात. एकीतही तोंड उघडेना. मी म्हटलं, "आधी आत या, सूप घ्या."

ती वाटी आता संपत आलीये. मला इथून दिसतंय, ते तळाचा बटाटा चमच्याने कापतायत. वाटी खाली ठेवतील आणि पुन्हा तेच विचारतील. मी सांगणार आहे, काका, मेलेलं कुणी नाही. तो मीच. हसले तर हसू देत.

ही सगळी पत्रं त्यांच्याच हाती देतो. उद्या बाईंनी आकडा पुसला की ते खिंडीतून घरी जाणार, वाटेत तुझ्या भिंतीपाशी थांबतील. कुत्र्याला आवर. नोटीसही आत आहे, जशीच्या तशी.

आणि परवा रविवार. ताई, या रविवारी दगड आणू नकोस.